मेट्रन नाही, मामा!

माझा आश्रुबा मामा जपान बघायला आला आणि पहिल्याच सकाळी माझं डोकं फिरवून बसला. तुम्ही म्हणाल, सख्खा मामा परभणीहून एवढ्या लांब भाचीला भेटायला आला, आणि त्याच्यावर कसली चिडतेस? ऐका मग.

मी धम्मशीला. जपानात नारा नावाचं शहर आहे, तिथं म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करते. उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं. भाषा शिकले, परीक्षा दिली, तेव्हा कुठं हे काम मिळालं. यात लपवण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. आईला मी पहिल्या दिवसापासून सगळं सांगत आले. आई ते मामाला सांगायची. मामा ते पुढं परभणीभर कसं सांगायचा, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा कृषी विद्यापीठात क्लार्क होता, आता रिटायर झालाय. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला पेन. घरात चहा सांडला तर 'पुसा रे कुनी तरी' म्हणून पाय वर घेऊन बसणारा माणूस. त्याचा बाप, म्हणजे माझा आजा, वालूरकडच्या एका खेड्यात गावकी करायचा. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं, पाटलाच्या वाड्यापुढं झाडायचं, कुणी मेलं की उन्हातान्हात दहा गावांना सांगत फिरायचं. धम्म घेतल्यावर आज्यानं ते काम टाकलं. मग गावानं त्याला मजुरीला बोलवणं बंद केलं. मामा उपाशी झोपला, पण शिकला, आणि या हातांनी दुसऱ्याची घाण उचलणार नाही असं त्यानं ठरवलं. ते त्यानं पाळलं. याचा मला अभिमानच होता. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

मामानं माझ्यासाठी जिंतूरचं स्थळ आणलेलं. दत्तराव म्हणून रिटायर मुख्याध्यापक आहेत, त्यांचा मुलगा पंडित, कॉलेजात शिकवतो. फोनवर दोन-तीनदा बोलणं झालं. ड्युटी कधी असते, थंडी लय असते का, असलं साधंच. हसरा आहे, समोरच्याला बोलू देतो. मला आवडला होता, खोटं कशाला बोलू?

तर नाऱ्यात एक मोठी बाग आहे, तिथं हरणं मोकळी फिरतात. बिस्किटाचा पुडा दिसला की मान खाली घालून नमस्कार केल्यासारखं करतात. मामाला मी आधी तिथंच नेलं. मामा खूश! हरणानं मान खाली घातली की हाही हात जोडायचा. एक हरीण मागून त्याचा शर्ट चघळायला लागलं तेव्हा 'आरं हाड, हाड! इस्त्रीचा हाय!' म्हणून असा नाचला की शेजारच्या जपानी बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मीही हसले. ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसणं.

कारण मामानं फोन काढला आणि दत्तरावांना व्हिडिओ कॉल लावला.

"दत्तराव, जय भीम! हे बगा, हरणं! आन् ही आमची धम्मा. सरकारी दवाखान्यात मेट्रन हाय. चाळीस नर्सा हाताखाली. तिला विचारल्याशिवाय डाक्टर हालत न्हाई."

"जय भीम, मेट्रन मॅडम!" पलीकडून दत्तराव म्हणाले.

माझ्या तोंडून 'जय भीम' तेवढं निघालं. कॉल बंद झाला तशी मी मामावर उखडले. मेट्रन? कसली मेट्रन? कुणाला विचारून?

"आगं, लगीन होऊस्तोवर," मामा शर्टाचा ओला कोपरा झटकत म्हणाला. "मागून कोन विचारायलंय?"

"मागून मला विचारतील, मामा! तुमी अक्षता टाकून परभणीला जाल, आन् जिंतूरच्या घरात खोटारडी म्हणून मी राहीन. आत्ता फोन लावा आन् खरं सांगा."

"रस्त्यात तमाशा नगं, बाई."

म्हणजे तमाशा मी करायले! मला इतका संताप आला की मी पुढं चालत सुटले. मामा मागून 'आगं दमानं, गुडघा दुखायलाय' करत येत होता. नेहमी मी थांबले असते. त्या दिवशी थांबले नाही.

मोठ्या बुद्धाच्या मंदिरात पोचलो. आत लाकडी छताखाली ती भली थोरली मूर्ती. मामानं बूट काढले. तिथं कुणी काढत नाही, पण यानं काढले. मान वर करून बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मग हात जोडून त्यानं मोठ्यानं त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. लोक वळून बघत होते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला भरून आलं असतं. त्या दिवशी मी फक्त एक शील येण्याची वाट बघत होते. ते आलं, मामानं अगदी खणखणीत म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर आल्याबरोबर मी धरलं त्याला. "मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार न्हाई. आत्ता म्हणलात ना बुद्धापुढं? का ते पण लगीन होऊस्तोवर?"

मामाचा चेहरा लाल झाला. "मला शील शिकवायलीस? म्या माज्या बापाला मेलेली म्हस वढताना बघितलंय. वास घरात यायचा, भाकरीला यायचा. त्यानं ते टाकलं, उपाशी मेला, पर टाकलं. आन् तू इमानात बसून समुद्र वलांडून आलीस, ते परक्याचं हगणं-मुतणं काढायला? मंग आमी सोडलं कशाला ते सगळं? काय सांगू म्या लोकान्ला?"

"हेच सांगा! आज्याला न्हाई म्हणायची सोय नव्हती, मला आहे. त्याला वाड्याच्या बाहेर उभं करायचे, मला आश्रमातली म्हातारी बाजूला बसवून चहा पाजते. जात माहीत न्हाई तिला माझी. मी काढते ते माणसाचं दुखणं काढते, मामा. घाण तुमच्या डोक्यात हाय!"

"तोंड सांभाळ, धम्मा."

"न्हाई सांभाळत! आजी खाटेवर पडून होती तेव्हा कुणी केलं तिचं? माझ्या आईनं. तुमी रोज यायचात, दारात उभं राहून 'जेवली का' विचारायचात आन् निघून जायचात. तुमची आई होती ती. तानुबाई. खोलीत पाय टाकला का कधी? आन् माझ्या कामाची लाज वाटायलीय तुमाला!"

बोलून गेले. मामा पायरीवर खाली बसला, शर्ट-पँटचा विचार न करता. मी माफी मागितली नाही. मागावीशी वाटलीच नाही.

एवढ्यात फोन वाजला. परत दत्तराव. मामानं उचलला. "आश्रुबा, पंडितच्या आईचं म्हननं हाय," ते पडद्यावर उत्साहानं सांगत होते, "मेट्रन बाई आल्या की जिंतूरला सत्कारच ठेवू. बॅनर लावू."

मामा माझ्याकडं बघत होता. मी हाताची घडी घातली. सांगायचं ते त्यानंच सांगायचं होतं.

"दत्तराव," मामा म्हणाला, "बॅनर लावू नका. पोरगी मेट्रन न्हाई. म्हाताऱ्या लोकांचं करती. धुती, पुसती, हगणं-मुतणं काढती. म्या खोटं बोललो. तिनं न्हाई."

"म्हंजे... आयाबाई?" दत्तराव म्हणाले. "आवं, असलं काम आपल्या पोरीनं करावं का? इचार करावा लागंल आमाला."

मला वाटलं, संपलं. पंडितही गेला. पण मामा उठून उभा राहिला, आणि असा ओरडला की पायऱ्यांवरची माणसं थबकली.

"तुमच्या आईला शेवटी कुनी धुतलं, दत्तराव?"

"म्हंजे?"

"नाव सांगा! बायकोनं? भैनीनं? का तुमी सवता? सांगा ना, गुरुजी हाव ना तुमी!"

दत्तरावांनी फोन कापला. पडदा काळा झाला.

माझा राग गेला असं नाही. स्थळ राहिलं की गेलं, तेही मला कळलं नव्हतं. पण मामा तो बंद फोन तसाच तोंडासमोर धरून उभा होता, आणि बोलतच होता.

"हाक मारली व्हती मायनं मला," तो म्हणाला. "आश्रुबा, पानी दे, म्हनली. तांब्या तिथंच व्हता, उशाला. म्या दारातून तुज्या आईला हाक मारली. म्हनलं, सुला, ती पानी मागायलीय."