पायाला मूठमाती

डॉक्टरबाईंनी चादर गुडघ्यापर्यंत सरकवली, माझ्या डाव्या पायाच्या बोटांना एकेक करून सुई टोचली आणि विचारलं, "कळतंय?" मला काहीच कळत नव्हतं. त्यांनी वाकून पायाचा वास घेतला. मग चादर परत नीट घातली आणि म्हणाल्या, "एस्तेर, हे गँगरीन आहे. पाय कापावा लागेल."

गँगरीन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रक्त पोचायचं थांबलं की शरीराचा तेवढा भाग मरतो. माणूस जिवंत आणि त्याचा पाय मेलेला, असं होतं. मेलेला भाग तसाच ठेवला तर त्याचं विष वर चढतं आणि उरलेल्या माणसालाही घेऊन जातं. डॉक्टरबाईंनी हे सगळं मला शांतपणे समजावून सांगितलं. मी शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे समजलं. समजलं म्हणून पटलं असं नाही.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या एखाद-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. मी आणि माझी माय दारव्ह्याजवळच्या एका गावात राहत होतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माय आणि वडील दोघांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता आणि गावात ख्रिस्ती घर आमचं एकट्याचंच होतं. शाळेला सुट्टी असली की मी मायबरोबर कापूस वेचायला जायची. त्या दिवशी पऱ्हाटीच्या ओळीत मला परड चावली. परड म्हणजे घोणस.

वावरातली माणसं धावत आली. कुणीतरी सुतळी घेतली आणि पोटरीला करकचून बांधली. त्यांनी जीव वाचवायलाच बांधली होती, त्यांना मी कधी दोष दिला नाही. पण ती सुतळी बैलगाडीत तशीच राहिली, दारव्ह्याच्या स्टेशनावर रात्रभर तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी अरुंद रुळांवरच्या लहान गाडीने यवतमाळला दवाखान्यात पोचलो तेव्हा नर्सने ती कापून काढली. तोवर ती मांसात रुतली होती.

अँटिव्हेनम दिलं. हे सापाच्या विषाचा जोर मोडणारं इंजेक्शन असतं. लघवीतून रक्त जायचं थांबलं, ताप उतरला, मायने देवाचे आभार मानले. आता चारदोन दिवसांत घरी जाऊ, असं आम्हाला वाटलं. पण सुतळीच्या खालचा पाय आधी निळा झाला, मग काळा. पहिल्यांदा दुखणं असह्य होतं. नंतर ते थांबलं, तेव्हा मला बरं वाटलं. दुखणं थांबलं हीच वाईट खूण होती, हे मला कुठे माहीत!

माय त्या वेळी खाटेजवळ जमिनीवर बसली होती. पाय कापायचं ऐकून ती उठली आणि हात जोडून म्हणाली, "बाई, पोरीचा पाय नका कापू. मरायचं असन तर मरन ते. पण आमच्यात माणूस पुन्हा उठते. शेवटल्या दिवशी देव हाक मारते आन् माणूस कबरेतून उठते. हे अर्धी होऊन कशी उठन?"

डॉक्टरबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, दक्षिणेकडच्या. मराठी इथे येऊन शिकलेल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आज कापला तर गुडघा वाचेल. थांबलो तर गुडघा जाईल, आणि मग मुलगी जाईल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. मी चर्चच्या पाळकांना बोलावते. पण संध्याकाळच्या आत मला काय ते सांगा."

मी सज्ञान होते. माझ्या एकटीच्या सहीवर काम झालं असतं. पण मला मायच्या मनाविरुद्ध ऑपरेशनच्या टेबलावर झोपवेना. आणि खरं सांगायचं तर तिचा प्रश्न माझाही होता. ख्रिस्त कबरेतून उठला आणि देवाच्या सामर्थ्याने आपणही उठू, हे मी लहानपणापासून म्हणत आले होते. म्हणताना स्वतःचा पाय कधी डोळ्यांसमोर आणला नव्हता. आता तो समोर होता, काळा, आणि तो माझा आहे की नाही हेच मला कळत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर महागावकडच्या एका तांड्यावरची सक्रीबाई होती. चुलीवर पडून तिचा हात भाजला होता. ती बराच वेळ आमचं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आमच्यात माणसाले पुढच्या जन्मी नवीन पाय भेटते. तुमच्यातबी देव उठवते म्हणता. मंग पाय गेला तर गेला. पोरगी काहून घालवता?" माय तिच्याकडे पाठ करून बसली.

पाळक दुपारी सायकलवर आले. साठीचे गृहस्थ, पूर्वी दारव्ह्याला होते, मायला जुने ओळखीचे. ते स्टुलावर बसले, मायचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोनाबाई, तुमची मेरी कुठं हाय?"

मेरी माझी बहीण. माझ्या आधीची. दात यायच्या आतच गेली होती. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"तुमाले माहीत नाई का? तुमीच तर पुरली," माय म्हणाली. "दारव्ह्याच्या कबरस्थानात हाय."

"आता काय राह्यलं असन तिथं?"

मायने पदर तोंडाला लावला. "काय राह्यते? तेवढासा जीव. माती झाली असन."

"मंग ते उठन का नाई?"

"उठन," माय म्हणाली. लगेच म्हणाली, आणि रागाने म्हणाली. "काहून नाई उठन? मी तिच्याचसाठी तर थांबून राह्यली."

पाळक म्हणाले, "ज्याले नुसत्या मातीतून तुमचं लेकरू उभं करता येते, त्याले एस्तेरचा पाय कुठं गेला हे सापडणार नाई, असं वाटते तुमाले? आन् हे पाहा. ख्रिस्त उठला तेव्हा त्याच्या हातावरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. देवानं त्या पुसल्या नाई. तो अर्धा उठला, असं कोनी म्हणते का?"

माय उठून व्हरांड्यात गेली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. डॉक्टरबाईंना म्हणाली, "कापा. पण पाय मले द्या. जाळू नका, फेकू नका. मी पुरतो." त्यांनी मान डोलावली आणि नर्सला टेबल तयार करायला सांगितलं.

ऑपरेशनला ॲम्प्युटेशन म्हणतात. अवयव कापून काढणे, एवढाच त्याचा अर्थ. ईथर हुंगवून बेशुद्ध करत. त्याचा वास गोड आणि ओकारी आणणारा असतो. त्या वेळी काही दिसलं का, असं मला पुष्कळांनी विचारलं. काही दिसलं नाही. उजेड नाही, देवदूत नाही. नर्स आकडे म्हणायला सांगत होती आणि मला भीती वाटत होती. विश्वास होता आणि भीतीही होती. दोन्ही एकाच वेळी असतात.

शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा उलटी झाली. मग हात खाली नेला. गुडघा होता.

पाय पुरायला मी नव्हतेच. मायने नंतर सांगितलं. यवतमाळच्या कबरस्थानात एका कोपऱ्यात खड्डा खणला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पाय मायने स्वतः ठेवला. पाळकांनी मयताची प्रार्थना म्हणायला नकार दिला. "मयत झालं नाई तर मी मयताची प्रार्थना कशी म्हणू?" असं म्हणून त्यांनी नुसती आभाराची प्रार्थना केली. खड्डा खणणाऱ्याने विचारलं, "बाई, नाव काय टाकू?" माय म्हणाली, "काई टाकू नको. बाकीची अजून दवाखान्यात हाय."

हे ऐकून सक्रीबाई एवढी हसली की तिचा हात दुखायला लागला. मीही हसले. मायसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी.

पुढचे आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शनं, ड्रेसिंग आणि वाट पाहणं, यात गेले. ड्रेसिंगच्या वेळी मी ओरडायची. एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मला आधी कुणी सांगितली असती तर मी घाबरले नसते. जो पाय नव्हता तो खाजायचा. अंगठा मुडपल्यासारखा दुखायचा. मला वाटलं, वेड लागलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, याला फँटम लिंब म्हणतात, म्हणजे नसलेल्या अवयवाचा भास. पाय गेल्याचं मेंदूला लवकर कळत नाही. मायचं म्हणणं वेगळं होतं: "तिकडं मातीत मुंग्या लागल्या असन." मी डॉक्टरबाईंचं ऐकलं. खाज मात्र दोघींच्या सांगण्याने थांबली नाही. ती हळूहळू आपली आपण कमी झाली.

शाळा पुन्हा सुरू केली ती कुबडीवर. पोरं पहिला दिवस गप्प होती, दुसऱ्या दिवशी त्यांनी कुबडी मागून मागून बेजार केलं.

तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ही वेळ आली तर एवढं करा. साप चावला की दोरी आवळू नका, दवाखान्यात चला. आणि डॉक्टर अवयव काढायचं म्हणाले तर पहिल्या दिवशीच तुमच्या मनातला खरा प्रश्न त्यांना विचारा, तो कितीही खुळा वाटला तरी. मायने विचारला म्हणून उत्तर मिळालं, आणि उत्तर मिळालं म्हणून मी आहे.

पुनरुत्थान कसं होईल, मला माहीत नाही. शरीर कसलं असेल, पाय मिळेल का, मिळाला तर कोणत्या वयाचा, हे विचार पूर्वी यायचे. आता येत नाहीत. ते देवाचं काम आहे, तो करील. हे एकदा मनात बसल्यावर जे गेलं ते धरून बसायची गरज मला वाटली नाही.

माय त्यानंतर पाचसहा वर्षं होती. झोपेत गेली. दारव्ह्याला तिला माती दिली तेव्हा लोक म्हणाले, एस्तेरबाई, तुम्ही कशाला वाकता, आम्ही टाकतो तुमच्या नावाची. मी ऐकलं नाही. कुबडी बाजूला ठेवली, कबरेच्या कडेला खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती लोटली. त्याच पाळकांनी प्रार्थना म्हटली, या वेळी मयताची, पूर्ण. ती संपल्यावर दोघीतिघी मला हात द्यायला पुढे झाल्या. मी नको म्हटलं. एक हात जमिनीवर टेकला आणि आपली आपण उठले.