साक्षीला अक्का

जुन्नरला एसटी चुकली, तेव्हा एका अनोळखी म्हाताऱ्यानं मला मोटारसायकलवरून मढला सोडलं. मी उतरताच त्यानं मला तोंडावरचा रुमाल काढायला लावला आणि समोरच्या चहावालीला हाक मारली, "अक्का, पावणं जिवंत उतरल्यात. नीट बघून ठेव!"

"बघितलं," ती चहा गाळत म्हणाली.

मी चक्रावलो. तो हसला. "मागं एकाला असंच सोडलं व्हतं. दुसऱ्या दिशी सकाळी कळलं, त्याचा खून झालाय. शेवटचा माझ्यासंगट दिसला, एवढाच पुरावा. तेवढ्यावर खून शाबित होत न्हाई, असं कोर्ट म्हणालं. पर म्हणायला चार वर्षं लावली. तवर मी आत."

"तरी लिफ्ट देता?"

"उन्हात माणूस हात करतंय. थांबायच्या आधी काय वकिलाला विचारू, राव?"