डोंगराची बाजू घेणारा

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मित्राच्या गमती सांगण्याच्या भरात मी ते सोयीस्कर विसरेन. ऑफिसातल्या माझ्या या मित्राइतका हट्टी माणूस अख्ख्या मेलबर्नमध्ये नसेल. ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंचा हा रसायनतज्ज्ञ राहतो शहराच्या टोकाला क्रेगीबर्नला, पण जीव पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या ज्वालामुखी डोंगरात. बार्बेक्यूला बोलावलं तर खिशातून काळ्या मिठाची डबी काढून पोरांना हुंगायला लावतो, "हा घ्या ज्वालामुखीचा वास!" पोरं "यक, अंकल!" करत पळतात. बेटावर जाताना गळ्यातली चांदीची साखळी काढायला विसरतो आणि तिथल्या गंधकाच्या वायूने काळीठिक्कर करून आणतो. वहिनी म्हणतात, "सोन्याची दिली नाही ते बरं." डोंगराला कुणी शांत म्हटलेलं त्याला खपत नाही. "शांत नाही, गप्प आहे. श्वास मोजा त्याचा!"

तो श्वास मोजणारं यंत्र विवराच्या काठावर होतं आणि त्याचे आकडे गाळणारा प्रोग्राम माझा. गंधकाच्या वायूच्या मानाने कार्बन डायऑक्साइड एकदम वाढला, तर खालून ताजा शिलारस वर सरकत असू शकतो. पण फारच चढे आकडे म्हणजे यंत्राचा बिघाड, असं मी कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. मित्राच्या स्क्रीनवर आकड्यांऐवजी नुसतं 'बिघाड' येऊ लागलं. म्हणून बेटावरची निरीक्षक बाई दुरुस्तीसाठी वर चढणार होती.

मीटिंगमध्ये मित्र उभाच राहिला. "ती जाणार नाही."

"एक केबल तर बघायचीय, मेट," मॅनेजर म्हणाला.

"मग तू जा! यंत्र दुसरं बसवता येतं."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "गाळलेले आकडे बघितलेस ना?"

"बघितले. बिघाडच आहे," मी म्हणालो. मी ते उघडलेसुद्धा नव्हते.

मित्राने सगळ्यांसमोर बेटावर फोन लावून तिला थांबवलं. त्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली. ती त्याने घरी फ्रिजवर चिकटवली. चौथ्या दिवशी दुपारी डोंगर फुटला. यंत्र गेलं, वर जायची वाटही गेली. मग मी टाकून दिलेले आकडे उघडले. ते कित्येक दिवस चढतच होते.

मी खोटं बोललो हे त्याला फाइल उघडल्याच्या नोंदीवरून कळलं होतं, तरी त्याने एका शब्दाने टोचलं नाही. तेच सोसवेना. शेवटी त्याच्या घरी जाऊन सॉरी म्हणालो. "मला कशाला?" म्हणत त्याने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, मग त्या बाईचा आवाज.

"तुम्हाला वर पाठवणारा बिघाड माझा होता," मी म्हणालो. "न बघता बघितलं म्हणालो. मला माफ करा."