एकट्याचं भजनी मंडळ

शिवाप्पाची आणि त्या यंत्राची पहिली भेट जिंतूरच्या बस स्टँडवर झाली. ज्यांनी ती पाहिली ते सांगतात, तेवढ्या वेळात तीन गाड्या सुटायच्या राहिल्या. परभणीच्या गाडीतून मेहुणा गुरुलिंग उतरला, तो मस्कतला वायरमन होता. त्याच्या कडेवर दोन ब्लँकेटांत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत होता. वाटेत बोरीला तर एका म्हातारीनं 'लेकराला टोपी घाला, वारं लागंल' म्हणून त्याला दटावलंही होतं. शिवाप्पानं ब्लँकेट बाजूला सारलं. आत काळी पेटी, तिच्यावर सरकत्या खुंट्या आणि एका कोपऱ्यात कॅसेट बसवायची जागा. तो असा काही लाजला, की आपल्या लग्नात हा चेहरा कुठं होता, असं बायको भागम्मा पुढं कितीतरी वर्षं विचारत राहिली.

"दाजी, हाटेलातला बँडवाला देश सोडून चालला, त्यानं विकलं," गुरुलिंग म्हणाला. "ह्यात एक आवाज भरायचा, मग त्यो ऐकत दुसरा. पहिला पुसत न्हाई. असं चारदा."

"म्हंजे एकट्यालाच जमतंय?"

"एकट्यालाच."

शिवाप्पाला एवढंच ऐकायचं होतं.

शिवाप्पाचं भांड्यांचं दुकान होतं आणि गळा बरा होता. आपला गळा फार बरा आहे, हे त्याचं स्वतःचं मत. महादेवाच्या मंदिरात दर सोमवारी शिवभजन व्हायचं. वीणा महालिंगअप्पांच्या गळ्यात, म्हणजे पुढं उभं राहून गायचा मान त्यांचा. तीन वर्षांपूर्वी शिवाप्पानं एका सोमवारापुरती वीणा मागितली. महालिंगअप्पांनी त्याच्या हातात झांज ठेवली. शिवाप्पानं ती तिथंच पायरीवर ठेवली, चपला घातल्या आणि निघून आला. तेव्हापासून मंडळाशी बोलणं बंद. मंडळावाचून माझं काही अडत नाही, हे सगळ्या जिंतूरला एकदा ऐकवायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. आता तिला मस्कतहून यंत्र आलं.

ते साल सत्त्याऐंशीचं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असला की बाजार चिडीचूप व्हायचा. असे दोन दिवस धरून, दुकानाचं शटर आतून लावून शिवाप्पानं चारही कामं उरकली. आधी गायला. मग मृदंग बडवला. मग विकायच्या जोडांतली एक झांज वाजवली, तीही हलकं काम म्हणून नाक मुरडत. राहिला कोरस. एकट्याचा कोरस एकट्यासारखाच वाजतो, हे ध्यानात आल्यावर त्यानं तांब्याच्या मोठ्या हंड्यात तोंड घातलं आणि आतून पदं म्हटली. हंड्यातून चार-पाच माणसं निघाली.

कॅसेट घेऊन तो घरी आला. भागम्माला पाटावर बसवलं, घरातल्या साध्या टेपमध्ये कॅसेट घातली आणि बटण दाबलं. अडलेली म्हैस रेकावी तसा आवाज आला, तोही हळूहळू. त्या यंत्रात कॅसेट दुप्पट वेगानं फिरते, हे गुरुलिंगनं सांगितलं नव्हतं. शिवाप्पानं घाबरून बाजू उलटली. त्या बाजूला झांज आणि कोरस होता, पण शेवटाकडून सुरुवातीकडं.

"हे कोन्या देवाचं हाय?" भागम्मानं पदर सावरत विचारलं.

गुरुलिंगला पत्र गेलं. महिन्यानं उत्तर आलं. चारही आवाज त्या पेटीतच एकत्र वाजतात. दुसऱ्या टेपवर लावायचं तर पेटी वायरीनं चांगल्या डेकला जोडून सगळं त्यात उतरवून घ्यायचं. आणि वायर घेईल असा डेक अख्ख्या जिंतुरात एकच होता, महालिंगअप्पांच्या लाउडस्पीकरच्या दुकानात.

चार दिवस शिवाप्पा जेवला नाही म्हणतात. भागम्माच्या मते दोन वेळाच. श्रावणातला शेवटचा सोमवार तोंडावर आला, तेव्हा पेटी ब्लँकेटात गुंडाळून तो त्या दुकानाची पायरी चढला.

"उतरवून पायजे," तो भिंतीकडं बघत म्हणाला.

"उतरवू की," महालिंगअप्पा पंख्याकडं बघत म्हणाले. "पन जितकं वाजतंय तितका येळ बसावं लागंल."

वायरी जोडल्या, चाकं फिरू लागली. शिवाप्पा श्वास रोखून बसला.

"बोल की," अप्पा म्हणाले. "वायरीतून जायलंय. खोलीतलं कायच येत न्हाई."

हे ऐकल्यावर दोघांनी दहा मिनिटं तीन वर्षांचं भांडण काढलं. शिवाप्पा ओरडला, अप्पा ओरडले, आणि कॅसेट शांतपणे भजन भरून घेत राहिली. तेवढ्यात अप्पा थबकले.

"झांज कोनी वाजिवली?"

"मीच."

"वाटलंच." अप्पांनी झांजेची खुंटी खाली ओढली. शिवाप्पानं वर केली. अप्पांनी परत खाली ओढली. खुंटी मेटाकुटीला आली. इतक्यात कोरस लागला आणि अप्पांना राहवेना. खोलीतलं काहीच येत नाही, या भरवशावर ते मोकळ्या गळ्यानं साथीला गाऊ लागले. शिवाप्पानं त्यांना थांबवलं नाही. त्यानं डेकवर ताल धरला होता.

सोमवारी मंदिरावर लावलेल्या अप्पांच्या कर्ण्यावरून कॅसेट वाजली. शिवाप्पा इस्त्रीचा सदरा घालून लिंबाखाली उभा राहिला. बाकीचे कोण, असं कुणी विचारलं की सांगायचं, 'मीच'. अर्धं गाव त्याच्यासमोरून गेलं. शेवटी सुलाबाई थांबल्या.

"बरं झालं रं शिवाप्पा, मिटलं तुमचं. सगळे मिळून किती गोड गायलाव!"

"सगळे न्हाईत, काकू. मी एकटाच हाय त्यात."

"आता पुन्ना तसलं बोलू नगं," सुलाबाई गंभीर होऊन म्हणाल्या. "आत्ताच कुठं मिटलंय."

मागून आलेल्या बन्सीधर मास्तरांनीही अभिनंदन केलं. कॅसेटमध्ये नसलेले महालिंगअप्पा किती बहरात गायलेत, असंही म्हणाले.

पुढच्या सोमवारी शिवाप्पा मंडळात गेला. अप्पांनी त्याच्या हातात झांज दिली. चौऱ्याण्णव साली नामांतराचा वाद मिटला, तोवर तो झांजच वाजवत होता.