मी फोडलेला नारळ

"हा नारळ अलग ठेव. त्याईच्या वस्तीतल्या पोराईले वाट."

हेडमास्तर शिपायाला हळूच म्हणाले. पण मला ऐकू आलं. सरस्वतीच्या फोटोसमोर तो नारळ नुकताच मी फोडला होता, हात अजून ओले होते. बाकीच्या गुरुजींसाठी दुसरा नारळ फोडला गेला. मी पदराला हात पुसले आणि हसले. होय, हसले. त्या हसण्याची लाज आजही जात नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याजवळ आंजीकडच्या एका शाळेत मी शिक्षिका म्हणून नवीन लागले होते, नोकरी पक्की व्हायची होती. आम्ही बौद्ध. बापानं घरातले देव माझ्या जन्माआधीच नदीत सोडलेले. देवाची पूजा करणार नाही, ही आमच्या घरची प्रतिज्ञा. शाळेत दसऱ्याआधी सरस्वतीपूजन व्हायचं, तेव्हा मी मागं उभी राहायची. हात जोडत नव्हते. कोणी काही बोलायचं नाही. फक्त माझा चहाचा कप खिडकीत वेगळा असायचा.

आणि मग माती खाल्ली ती मीच. वर्ध्याला जपानी भिक्षूंनी बांधलेल्या स्तूपावर गेले असताना एका जपानी बाईनं मला एक चित्र दिलं. वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी. सोबतच्या माणसानं हिंदीतून समजावलं, ही तुमच्याकडची सरस्वती, जपानात बुद्धाच्या धम्माची राखण करते. इंद्र आणि ब्रह्मदेवही तिथं राखणीला आहेत. मला कोण आनंद झाला! वाटलं, आता तरी हे लोक मला आपल्यात घेतील. दुसऱ्या दिवशी ते चित्र शाळेत सगळ्यांना दाखवत सुटले.

हेडमास्तरांनी चष्मा लावून पाहिलं. "म्हंजे तुमच्या बुद्धाले बी आमचीच देवी लागते! मंग तुम्ही काऊन अकडून राह्यल्या, बाई? औंदा पूजा तुम्हीच करजा."

मी हो म्हणाले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. खिडकीतला कप सगळ्यांच्या कपांत यावा, एवढ्यासाठी हळदकुंकू वाहिलं, आरती म्हटली. समोर चौथीच्या रांगेत माझी पोरगी उभी होती.

संध्याकाळी तिनं दप्तरातून खोबऱ्याचा तुकडा काढला. "आई, हा आमच्याच वस्तीतल्या पोराईले देला. बाकीच्याईनं तुहा नारळ काऊन नाई खाल्ला?"

मला तिच्याकडे बघवेना. कप खिडकीतच राहिला होता. बापाची प्रतिज्ञा मी एका कपासाठी मोडली होती, तीही फुकट.

पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी पूजेचं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी हात मागं घेतले.

"नाई करत मी, सर. तुमची सरस्वती बुद्धाच्या घरी मानानं राह्यते. तुमच्या घरी माह्या हातचं खोबरं बी चालत नाई."

"नोकरी पक्की व्हाची हाय तुमची, बाई."

"ठाऊक हाय मले."

पोरगी आता पाचवीच्या रांगेत होती. या वेळी मी तिच्याकडे सरळ पाहिलं.

नोकरी पक्की व्हायला मला इतरांपेक्षा जास्त वर्षं लागली. लागू देत. खोबऱ्याचा तो तुकडा डब्यात वाळून काळा पडलाय, पण मी टाकत नाही. कोणी आपल्यात घ्यावं म्हणून मी पुन्हा हात जोडणार नाही. हसणारही नाही.