बेंबी सरकली, म्हणे!

उजवीकडे ओटीपोटात दुखायला लागलं तेव्हा सासूने लगेच निदान केलं, "ओल्या मासळीच्या पाट्या उचलून बेंबी सरकली हाय तुजी." आमच्या दिघी बंदराकडे मासळी सुकवणाऱ्या बाईच्या पोटातल्या प्रत्येक दुखण्याला हेच उत्तर असतं. मग ती खोबरेल गरम करून माझं पोट चोळायची, आणि दुखणं थांबलं नाही की आणखी जोरात चोळायची. सोनोग्राफीचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, "बायकांचं काय, चालूच असतं."

एका सकाळी मासळी वाळत घालताना अशी कळ आली की मी उलट्या करत तिथेच आडवी झाले. फेरीबोटीने खाडी ओलांडून मला दवाखान्यात नेलं. अंडाशयावरच्या गाठीला पीळ पडला होता. अंडाशय काळं पडलं होतं, ते काढावंच लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. पण दुखत राहिलं, पोट फुगलं तर तपासून घ्यायचं. अचानक कळ येऊन उलट्या झाल्या तर तासभरही थांबायचं नाही. आणि चोळायचं तर कधीच नाही." नवरा मान डोलवत होता.

परवा धाकटी जाऊ पोट धरून बसली. सासूने तेल गरम करायला ठेवलं. मी भांडं उचललं आणि तेल मोरीत ओतलं. नवरा ओरडला. मी म्हटलं, "तुमच्या मासेमारीच्या बोटीचं इंजिन जरा वेगळं वाजलं की त्याच दिवशी मिस्त्री आणता ना? मग आज हिला इंजिन समजा."