आईचा सेन्सर

मे महिन्यात नेहरू नगरला भाड्याच्या खोल्या बघायला गेलो, तर घरमालकाने पाणीसुद्धा विचारलं नाही; आधी मोबाईल पुढे केला. नागपूरहून बदलीवर येऊन इथेच रिटायर झालेला माणूस. खोलीगणिक काडेपेटीएवढा सेन्सर लावलेला. सगळ्या घराचं तापमान आणि हवेतला दमटपणा म्हणे मोबाईलवर दिसतो. दर दोन मिनिटांनी हे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचत होते. मानेवरून घामाचे ओघळ वाहत होते, त्याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता.

आतून त्यांची म्हातारी आई म्हणाली, "बाळा, फार उकडतंय रे. कूलर जरा इकडे फिरव."

त्यांनी मोबाईल पाहिला. "आई, तुझ्याकडे सत्तावीस आहे. तुला उकडत नाहीये."

मी पाहिलं, तर तिचा सेन्सर खोलीत नव्हताच. तो बाहेर चौकटीवर, हॉलमधल्या कूलरच्या थेट झोतात चिकटवलेला.

मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "आत वायफायची रेंज नाही मिळत जी."

मी आत डोकावलो. पलंगावर बसून म्हातारी त्याच सेन्सरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती.